पुढच्याचं पाणी

१

आमच्या घरी आंघोळीचा एक नियम होता. आत जाताना गिझर बंद करायचा, बाहेर येताना चालू करायचा. अंगावर पाणी असताना वीज नको, म्हणून बंद. मागून येणाऱ्याला गार पाणी मिळू नये, म्हणून चालू. बटण बाथरूमच्या बाहेर, चौकटीला लागूनच होतं. त्याच्यावर एक लाल दिवा होता. पाणी तापत असेपर्यंत तो पेटलेला राहायचा आणि तापलं की विझायचा. नियम बाबांचा. सकाळी बाबा, मग आई, मग मी आणि सगळ्यात शेवटी दादा. चौघांत पंचवीस लिटरची एक टाकी. कोणी बटण लावायला विसरलं की बाबा ओरडायचे नाहीत, नुसते म्हणायचे, "आपलं भागलं की जग संपलं का?"

मी या वाक्यावर वाढले. कॉलेजात असताना भाषण कुठल्याही विषयावर असो, नदी, जंगल, कचरा, माझा शेवट ठरलेला असायचा. आमच्या घरातला नियम सांगायचा आणि म्हणायचं, पुढच्यासाठी पाणी लावून जा, यापलीकडे मला राजकारण कळत नाही. टाळ्या हमखास. दादा मला 'पुढारी' म्हणायचा तो तेव्हापासून.

दादा नोकरीसाठी परदेशात गेला त्याला चार वर्षं झाली. बाबा गेले ते त्याच्या थोडं आधी. घरात उरलो आई आणि मी. आई आधी आंघोळ करायची, मी नंतर. बाहेर आले की माझा हात बटणाकडे जायचाच. माझ्यामागे आता कोणी नाही हे हाताला कोण सांगणार? केस पुसत मी बटण लावायची, पोटात काहीतरी ढकलायची आणि नऊच्या आत घराबाहेर पडायची.

या वर्षी मला हवं होतं ते मिळालं. जिथे वर्षानुवर्षं शिक्षक टिकत नाही अशा एका गावाच्या शाळेत दोन वर्षं शिकवायचं. निघायला नऊ दिवस उरले होते. आई एकटी राहणार होती. तिची बोटं संधिवाताने वाकलेली, गुडघे त्याहून वाईट. सकाळी गरम पाणी अंगावर पडल्याशिवाय तिची बोटं उघडत नाहीत आणि बोटं उघडल्याशिवाय तिला कपाचा कान धरता येत नाही. म्हणून जाण्याआधी गिझरचं काय ते ठरवणं भाग होतं. त्याला वीस वर्षं झाली होती. खालून थेंब पडायचे, पाण्याला कधीकधी गंजाचा रंग यायचा आणि तापताना टाकीतून कोणी दात खात असल्यासारखा आवाज यायचा.

बदलायचा की आणखी चालवायचा, एवढाच प्रश्न होता.

२

गिझरवाले काका आले ते स्टूल आणि पिशवी घेऊन. गिझर बाबांच्या वेळी त्यांनीच बसवला होता. त्यांनी मेन बंद केला, टाकीतलं पाणी सोडलं आणि खालची थाळी उघडली. बादलीत तपकिरी गाळ पडला.

"वहिनी, हा गिझर नाही, म्हातारा आहे," ते आईला म्हणाले. "आता याला पेन्शन द्या."

"हिला सांगा," आई म्हणाली. "घरातला फाटका पायमोजासुद्धा हिच्या परवानगीशिवाय बाहेर जात नाही."

"दुरुस्त होत असेल तर फेकायचा कशाला?" मी म्हणाले. मला हा वाद पाठ होता. "कंपन्यांना तेच हवं असतं, काका. दर पाच वर्षांनी नवीन घ्या. जुनं कुठे जातं? कोणाच्या तरी दारात डोंगर होतो ना त्याचा?"

"बरोबर आहे, ताई. तुम्ही मोर्चा काढा, मी पण येतो. पण टाकीचा पत्रा घोषणा ऐकून जाड होत नाही."

आई हसली. मीही हसले, पण हट्ट सोडला नाही.

काकांनी आतून एक तार ओढून काढली. तिच्यावर काही ठिकाणी पांढुरक्या गाठी चिकटलेल्या होत्या.

"ही मॅग्नेशियमची कांडी. अंगठ्याएवढी जाड असते. पाणी टाकीला खाण्याऐवजी हिला खातं. जितकं पाणी तापणार तितकी ही झिजणार." त्यांनी तार उजेडात धरली. "मी दीड वर्षापूर्वी नवीन घातली होती. घरात माणसं किती?"

"दोघी."

"पाहुणे वगैरे?"

"कोणी नाही."

"दोघींत एवढी नाही खात," ते म्हणाले आणि तार परत फिरवून पाहिली. "हे रोज तीन-चार माणसांचं काम आहे."

"पाणी जड असेल," मी म्हणाले.

"पाणी वरच्या मजल्यावरही हेच येतं, ताई. त्यांची कांडी मी मागच्या आठवड्यात पाहिली."

त्यांचा सल्ला सरळ होता. गिझर बदला. फार तर महिनाभर काढेल, पण तुम्ही गेल्यावर टाकी फुटली तर वहिनींनी काय करायचं? मी म्हणाले, आत्ता नवी कांडी घाला, नवा वायसर घाला, आठ दिवस मी घरी आहे, लक्ष ठेवते. जायच्या आधी ठरवू.

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस म्हणजे झालं," आई मला म्हणाली.

काकांनी नवीकोरी कांडी आत बसवली. चंदेरी होती, गुळगुळीत. जाताना त्यांनी बाथरूमच्या दारातून एकदा आत पाहिलं. आधी मला वाटलं काही विसरलं असेल. ते म्हणाले, "दोघीच म्हणता?" आणि माझ्या उत्तरासाठी थांबले नाहीत.

३

नोकरीचा शेवटचा दिवस संपला. दुसऱ्या दिवसापासून मी घरी होते. बऱ्याच वर्षांनी सकाळी नऊनंतरचं आमचं घर मी पाहत होते. बाल्कनीत आईची खुर्ची, शेजारी रेडिओ. स्वयंपाकघरात ऊन फरशीच्या तिसऱ्या ओळीपर्यंत आलेलं. घर इतकं शांत की फ्रिज थांबला की कळायचं.

आंघोळ करून मी बटण लावलं आणि खोलीत जाऊन पुस्तकं खोक्यात भरत बसले. साडेदहाला पाणी प्यायला उठले तेव्हा बटण बंद होतं.

मी बाल्कनीत गेले. "आई, गिझर बंद केलास ते बरं केलंस. मी उगाच लावते रोज."

"मी कुठे केला?"

"मग रोज कोण करतं?"

"तूच करत असशील," आई म्हणाली. रेडिओचा आवाज कमी करायला ती वाकली नाही, वाकणं तिला जमत नाही. "मी बाहेर आले की तुझ्यासाठी लावते. त्यापुढचं तुझं तू बघ. दुपारी भांड्यांना गरम पाणी हवं असतं तेव्हा मी जाते, तर बटण बंदच असतं. मला वाटतं, पोरीने कुठे जग बदलायचं ठरवलं तरी घरातलं एक बटण बंद करायची अक्कल आहे तिला."

मी हसले. मग हसणं थांबलं.

चार वर्षं मी बटण लावून जात होते. चार वर्षं आईला ते बंद मिळत होतं. माझी समजूत होती की ती बंद करते, तिची समजूत की मी. आणि आमच्या घरात बटण बंद करण्याचं कारण एकच होतं. आंघोळीला आत जाणारा माणूस ते बंद करायचा.

बटण जुनं आहे, सैल झालं असेल, आपोआप पडत असेल. मी तिथे उभी राहून ते वीसेक वेळा दाबून पाहिलं. घट्ट होतं. बोटाला जोर लावावा लागत होता. आईच्या वाकड्या बोटाला तर तो पुरेसा लावताही येत नाही, ती कोपराने दाबते.

आईला मी काही म्हणाले नाही. ती इथे एकटी राहणार होती.

४

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले. तिथून बाथरूमचं दार आणि बटण दोन्ही दिसतात. आईची आंघोळ झाली, माझी झाली. मी बटण लावलं. लाल दिवा पेटला. टाकीतून दात खाल्ल्याचा आवाज सुरू झाला. काकांनी सांगितलं होतं, तो क्षारांचा आवाज असतो, तळाशी बसलेल्या थरातून बुडबुडे फुटतात. मी हे वाक्य मनात दोनदा म्हटलं.

वीस मिनिटांनी दिवा विझला, आवाज थांबला. टाकीभर गरम पाणी तयार. मी समोर यादी घेऊन बसले होते. आईच्या औषधांच्या वेळा, शेजारच्या मावशींचा नंबर, डॉक्टरांचा नंबर. काही होत नव्हतं. मला स्वतःची लाज वाटायला लागली. विज्ञानाच्या प्रदर्शनात मुलांना शंका विचारायला शिकवणारी बाई, गिझरच्या बटणावर पहारा देत बसली आहे!

तेवढ्यात दाराची बेल वाजली. कुरिअरवाला होता, शाळेची कागदपत्रं घेऊन. सही करायला त्याचं पेन चालेना, मी आतून आणून दिलं. सगळं मिळून चार मिनिटं झाली असतील.

परत आले तर बटण बंद होतं.

बाथरूमचं दार मी लोटून ठेवलं होतं, ते तसंच होतं. मी ते ढकललं. आरसा वाफेने पांढरा झाला होता. फरशी पूर्ण ओली होती. माझी आंघोळ होऊन पाऊण तास झाला होता आणि एव्हाना ती वाळायला लागायला हवी होती. आईचं आंघोळीचं स्टूल मधोमध ओढलेलं होतं. बादलीच्या तळाशी इंचभर पाणी होतं. मी हात घातला. कोमट.

मी धावत बाल्कनीत गेले. आई खुर्चीत डुलकी घेत होती. त्या खुर्चीतून उठायला तिला अख्खं मिनिट लागतं आणि तेही कोणी हात दिला तर. तिचे पाय कोरडे होते.

संध्याकाळी मी दादाला फोन केला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू आंघोळ करून बाहेर आलास की गिझर लावायचास?"

"मी? मी कशाला लावू? मी शेवटचा."

"पण बाबांचा नियम..."

"अगं पुढारी, नियम पूर्ण ऐकला होतास का कधी? शेवटच्याने लावायचं नाही. मला किती वेळा सांगितलं होतं त्यांनी, शेवटच्याने लावायचं नाही, लावायचं नाही."

"का?"

"का म्हणजे? कोणी येणार नसतं म्हणून. रिकामा तापत राहतो, वायर जळते. तू कधी शेवटची नव्हतीस, म्हणून तुला सांगितलं नसेल." तो हसला. "तू काय, इतकी वर्षं लावतेयस की काय?"

"नाही रे," मी म्हणाले.

५

तिसऱ्या दिवशी मी बटण लावलं नाही.

साधा उपाय होता. शेवटच्याने लावायचं नाही, मी शेवटची, मी लावलं नाही. काही घडलं नाही तर सिद्ध झालं असतं की... काय सिद्ध झालं असतं हे मला नीट मांडता येत नव्हतं. पण काही घडू नये एवढं मात्र मला फार मनापासून हवं होतं. सहा दिवसांवर जाणं आलं होतं. तिकडे पहिलीतली मुलं फळ्याकडे तोंड करून वाट पाहत असतील असं मला उगाच डोळ्यांपुढे येत होतं, आणि इकडे आई.

या वेळी मी बेल वाजली तरी उठायचं नाही असं ठरवलं होतं. दार समोर होतं, चार बोटं उघडं. नऊ वाजले, सव्वानऊ. बाल्कनीत रेडिओवर बातम्या लागल्या. मी डोळे हलवले नाहीत.

नऊ पस्तीसला आतून नळ सुटला.

बादलीत पाणी पडायला लागलं की आधी ताशासारखा कोरडा आवाज येतो, मग बादली भरत जाते तसा तो खोल होत जातो. तो आवाज तसाच खोल होत गेला. नळ बंद झाला. दारातून कोणीही आत गेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. मी डोळ्यांची पापणी लवू दिली नव्हती. म्हणजे जे कोणी आत होतं, ते मी आंघोळ करून बाहेर आले तेव्हाही आतच होतं.

मग प्लॅस्टिकचा मग पाण्यात बुडल्याचा आवाज आला. आणि नंतर एक आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. थंडीत पहिला गार मग अंगावर ओतल्यावर माणूस छातीत श्वास ओढतो ना, तसा. तेवढाच. तोंड उघडून आत ओढलेला श्वास. तो बाहेर सोडल्याचा आवाज आलाच नाही.

मी किती वेळ थांबले सांगता येत नाही. मग दार हळूच लोटलं गेलं. त्याची चार बोटांची फट तीन झाली, दोन झाली, मिटली. रागाने आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते अगदी सावकाश मिटलं, घरातलं माणूस आंघोळ करताना मिटतं तसं.

मी उठले. आणि मी काय केलं? आत गेले नाही. कोण आहे असं विचारलं नाही. मी दारापर्यंत गेले, हात लांबवला आणि बटण चालू केलं. लाल दिवा पेटला. मी हे का केलं ते मला विचारू नका. माझ्या हातून कोणाचे तरी हाल झाले आणि त्याने आता ते मनात धरू नये, असं काहीतरी मला वाटलं.

मग खोलीत जाऊन मी गिझरवाल्या काकांना फोन लावला.

"बदलायचा आहे, काका. आजच्या आज."

"अहो, परवापर्यंत तुम्ही मला कचऱ्याचे डोंगर दाखवत होता."

"आज येता का?"

माझ्या आवाजात त्यांना काय ऐकू आलं कोण जाणे. पुढे एकही विनोद न करता ते म्हणाले, "उद्या सकाळी येतो. घेऊनच येतो."

त्या रात्री आईने विचारलं, "एकदम कसं मत बदललं?"

"तुझ्या काळजीने."

"बघ, शेवटी माझंच ऐकलंस," ती म्हणाली आणि खूश झाली.

६

काकांनी जुना गिझर उतरवला तेव्हा भिंतीवर त्याच्या आकाराचा मळका गोल राहिला. बाल्कनीत नेऊन त्यांनी सवयीने थाळी उघडली, कांडी ओढली.

चार दिवसांपूर्वी माझ्यासमोर घातलेली नवीकोरी कांडी. त्यांच्या हातात नुसती तार आली. गाठसुद्धा शिल्लक नव्हती. तार बोटांनी खेळून खेळून गुळगुळीत झाल्यासारखी चकाकत होती.

त्यांनी ती फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. मग आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "ताई, वहिनी इथे एकट्या राहणार?"

"हो. का?"

"काही नाही. माझी बहीण असती तर मी नेली असती घरी." आणि लगेच, स्वतःच्या बोलण्याने ओशाळून, "पाणी खराब आहे इथलं, दुसरं काय."

नवीन गिझर लहान होता, भिंतीवरच्या घड्याळाएवढा. त्यात साठवण जवळजवळ नाहीच. नळ सोडला की लगेच गरम पाणी, बंद केला की संपलं. काकांनी आईला दोनदा समजावून सांगितलं. "आता तो नियम उलटा, वहिनी. आत जाताना चालू करायचा, बाहेर येताना बंद. आधी लावून ठेवायची भानगड नाही, वाट बघायची भानगड नाही. ज्याला जेव्हा हवं तेव्हा."

मी ते ऐकलं आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. मागचा-पुढचा हा हिशेबच संपला होता. कोणी कोणासाठी काही लावून जाणार नव्हतं, तर कोणी येणार तरी कशासाठी? नंबरच नाही तर रांग कसली? मी पुढचे तीन दिवस पहारा दिला. माझी आंघोळ झाली की बटण बंद करायचे, टेबलाशी बसायचे आणि दुपारपर्यंत दार उघडं टाकायचे. नळ सुटला नाही. फरशी वाळली. आरसा स्वच्छ राहिला. स्टूल ठेवलं तिथेच सापडलं.

दुपारी मी आईच्या खुर्चीपाशी बसून तिच्याशी वाद घातला, जाऊ का नको. ती म्हणाली, "तू गेली नाहीस तर मी काय तोंड दाखवू? सगळ्या बिल्डिंगला सांगून बसलेय. जा बाई. मला हात द्यायला कोणी ना कोणी मिळेल."

मी बॅगांना कुलपं लावली.

७

निघायच्या आदल्या सकाळी आई म्हणाली, "आज केस धुते. उद्या तुझ्या घाईत व्हायचं नाही."

मी तिला स्टुलावर बसवून दिलं. स्टुलावरून तिला एकटीने उठता येत नाही, म्हणून आमचं ठरलेलं होतं, झालं की हाक मारायची, मी येऊन हात द्यायचा. मी गेल्यावर त्या वेळेला शेजारच्या मावशी येणार होत्या. कडी लावायची नाही हेही ठरलेलं. मी बटण चालू केलं, दार लोटलं आणि कपड्यांची शेवटची घडी घालायला खोलीत आले.

पाण्याचा आवाज येत होता. मधूनच आईचं बोलणं. ती पूर्वीपासून आंघोळ करताना स्वतःशी बोलते, कधी गुणगुणते. मी लक्ष दिलं नाही. मग शब्द कानावर आले.

"थोडं वर. हां... तिथे. किती दिवसांनी कोणी पाठ घासली माझी!"

माझ्या हातात तिचीच शाल होती, सोबत न्यायला घेतलेली. ती मी खाली ठेवली. पाय न वाजवता बाहेर आले.

"एवढी घाई असते तुला रोज," आई आत म्हणत होती, मऊ, झोपाळू आवाजात. "आज बरा वेळ सापडला. हात किती गार आहेत गं तुझे. त्या गरम पाण्यात घाल ना जरा."

बादलीत काहीतरी बुडल्याचा आवाज आला. पाणी हललं.

दार वीतभर उघडं होतं. मी चौकट धरली. वाफ एवढी होती की आधी नुसता पांढरा धूर दिसला, मग त्यात आईची पाठ. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. केसांना, कपाळाला, डोळ्यांना फेस, मान पुढे झुकलेली, हात मांडीवर निवांत. पाठीवरही साबणाचा जाड थर होता. तिच्या मागे कोणी नव्हतं. दाराकडून तिच्यापर्यंत मोकळी ओली फरशी होती आणि ती मला दिसत होती.

मानेच्या खाली त्या फेसात चार रेघा उमटल्या. शेजारी शेजारी. त्या सावकाश खाली सरकत गेल्या, कमरेपर्यंत, आणि परत वर आल्या.

हाक मारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारली तर ती दचकणार. दचकली तर मागे वळणार, साबणाच्या फरशीवर, त्या गुडघ्यांनी. आणि वळली तर तिला काय दिसेल? मला दिसत नव्हतं ते तिला इतक्या जवळून दिसलं तर? मी गप्प राहिले. जन्मभर सभांमधून बोलत आले, आणि त्या वेळी मला फक्त एवढंच सुचलं की गप्प राहायचं.

आत जायला हवं होतं. दोन पावलांचं अंतर होतं. मी पायाला सांगत होते आणि पाय ऐकत नव्हता. जुन्या गिझरच्या वेळी ते आमचं होईपर्यंत थांबायचं. चार वर्षं थांबलं, रोज, आपला नंबर येईपर्यंत. थांबायची सोय मीच काढून घेतली होती.

"बस झालं," आई म्हणाली. "आता उठव मला."

तिने उजवा हात मागे केला, न बघता, नेहमी करते तसा. वाकडी बोटं अर्धवट उघडी. मी पाऊल उचललं. खरंच उचललं, ते उंबऱ्याच्या आत टेकलंही.

त्याआधीच तिची बोटं मिटली. कशावर तरी मिटली, घट्ट, मधे हाताच्या जाडीएवढी जागा ठेवून. आईने भार टाकला, गुडघे कुरकुरले, आणि ती स्टुलावरून अलगद उठून उभी राहिली.

"किती हळू धरलंस आज," ती कौतुकाने म्हणाली आणि डाव्या हाताने डोळ्यांवरचा फेस पुसत माझ्या दिशेने वळली.

मी दारात होते. कोरडी. दोन्ही हातांनी चौकट धरलेली.

आईने आधी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे, जो अजून मिटलेलाच होता आणि तिला सोडवता येत नव्हता.